वारा, विमान आणि आपली घाई

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. पावसाळा तोंडावर आला की दरवर्षी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर एकच वाद सुरू होतो, म्हणून यंदा आधीच लिहून टाकतोय.

३० नोव्हेंबर २०२४ चा चेन्नईचा तो व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. फेंगल चक्रीवादळ पुद्दुचेरीच्या किनाऱ्याकडे सरकत होतं. चेन्नई विमानतळावर पाऊस आणि वारा. आपल्या मुंबईहून गेलेलं इंडिगोचं विमान उतरायला येतं, धावपट्टीजवळ एका बाजूला झोल खातं, चाकं टेकली-न टेकली तोच नाक वर करून पुन्हा आभाळात निघून जातं. हा व्हिडिओ देशभर फिरला. कुणी थरार म्हटलं, कुणी प्रवाशांचं नशीब म्हटलं, कुणी पायलटला शिव्या घातल्या. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "एवढं जमत नाही तर लायसन्स कशाला देतात?"

त्या लँडिंगचा तांत्रिक कीस तज्ज्ञांनी पाडावा. मला बोलायचंय ते शेवटच्या दोन सेकंदांबद्दल, म्हणजे पुन्हा वर जाण्याच्या निर्णयाबद्दल. याला विमानवाले 'गो-अराउंड' म्हणतात. सगळ्यांनी भीतीने पाहिलेला तो भाग हाच त्या व्हिडिओतला सगळ्यात सुरक्षित भाग होता. हे का म्हणतोय ते सांगतो.

आपण घाटकोपर-विक्रोळीकर लँडिंगच्या रस्त्याखाली राहतो. वर्षातला बहुतेक काळ मुंबईची विमानं आपल्या डोक्यावरून पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. त्यामागे साधं कारण आहे. विमानाला समोरून येणारा वारा हवा असतो. विमान जमिनीच्या नाही, हवेच्या हिशेबाने उडतं. साधारण प्रवासी जेट उतरताना हवेतून १४० नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी जवळपास २६० किलोमीटर वेगाने येतं. समोरून २० नॉटचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने तोच वेग १२० नॉट होतो. म्हणजे वाऱ्याने फुकटात ब्रेक लावून दिला.

आता तोच वारा पाठीमागून १० नॉटचा धरा. जमिनीवरचा वेग १५० नॉट. वरवर फरक ३० नॉटचाच वाटतो. पण थांबवायची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. हिशेब केला तर १२० ऐवजी १५० ला टेकलेलं विमान थांबवायला दीडपटीहून जास्त ताकद जिरवावी लागते. तीही पाणी साचलेल्या धावपट्टीवर, जिथे टायरची पकड आधीच कमी. म्हणून बऱ्याच प्रवासी विमानांना पाठीमागच्या वाऱ्याची मर्यादा १० नॉट असते, काहींना १५. म्हणजे ताशी १८-२० किलोमीटरचा वारा! गच्चीवर वाळत घातलेला टॉवेलसुद्धा त्यात उडत नाही. पण चुकीच्या दिशेने आला तर तेवढा पुरतो.

तिसरा प्रकार आडव्या वाऱ्याचा. व्हिडिओ व्हायरल होतात ते याचे. खाडी ओलांडणारा नावाडी होडीचं तोंड समोरच्या धक्क्याकडे सरळ धरत नाही, थोडं प्रवाहाच्या उलट दिशेला वर धरतो, तेव्हा होडी धक्क्याला लागते. पायलट तेच करतो. विमानाचं नाक वाऱ्याकडे वळवून तिरपं आणतो. खालून बघणाऱ्याला वाटतं विमान खेकड्यासारखं चाललंय, आता रस्ता सोडणार. टेकायच्या अगदी आधी पायाने रडर दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं, वाऱ्याकडचा पंख किंचित खाली धरायचा आणि टेकायचं. हे सगळं काही सेकंदांत. एअरबस ए-३२० साठी चाचणीत करून दाखवलेला आडवा वारा ३८ नॉटचा आहे, म्हणजे ताशी ७० किलोमीटर. ओल्या धावपट्टीवर कंपन्या यापेक्षा कमी मर्यादा पाळतात. विमानाला ती ताकद आहे, पायलटला ते शिकवलेलं असतं. अडचण होते ती झोताने. वारा सतत ३० चा असेल तर त्याचा अंदाज बांधता येतो. २० चा वारा मध्येच ४५ झाला की अंदाज चुकतो.

१ मार्च २००८ ला जर्मनीत हॅम्बुर्गला लुफ्थान्साच्या ए-३२० चं असंच झालं. एमा नावाचं वादळ होतं. टेकताना झोताने विमान कललं आणि डावा पंख धावपट्टीला घासला. पायलटनी तिथेच जिद्द सोडली, विमान वर नेलं, फिरून दुसऱ्या दिशेच्या धावपट्टीवर उतरवलं. विमानातले १३७ जण आपापल्या पायांनी घरी गेले. पंख घासल्यावरही "आता टेकलोच आहोत तर उतरूया" म्हणाले असते तर काय झालं असतं ते सांगायला नको.

आता सगळ्यात वाईट वाऱ्याकडे येतो. तो आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, फक्त नाव माहीत नाही. मे महिन्यात वळीव येतो तेव्हा पावसाच्या आधी काय होतं? उकाडा असतो, पान हलत नसतं, आणि एकदम गार वारा सुटतो, धुळीचे लोट उठतात, खिडक्या आपटतात, मग थेंब. तो गार वारा येतो कुठून? उंच ढगातली थंड, जड झालेली हवा धाडकन खाली आदळते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. घागर उपडी केली की पाणी पसरतं तसं. हा मारा छोट्याशा जागेत, चारेक किलोमीटरच्या आत झाला की त्याला मायक्रोबर्स्ट म्हणतात.

त्यातून उतरणारं विमान गेलं तर आधी समोरून वारा वाढतो. वेग वाढलेला दिसतो, विमान वर उचललं जातं, साहजिकच पायलटला वाटतं इंजिन जरा कमी करूया. पुढच्या काही सेकंदांत हवा वरून खाली ढकलते. आणि लगेच तोच वारा पाठीमागून येतो. पंखांवरचा वेग अचानक गायब. जमीन जवळ असते. २ ऑगस्ट १९८५ ला अमेरिकेत डॅलसजवळ डेल्टा एअरलाइन्सचं विमान असंच पडलं आणि १३७ माणसं गेली. त्याच्या दहा वर्षं आधी न्यूयॉर्कमधल्या अशाच अपघाताचा अभ्यास करताना फुजिता नावाच्या जपानी-अमेरिकन शास्त्रज्ञाने हा प्रकार ओळखला होता. बऱ्याच जणांनी तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता. डॅलसनंतर मात्र विमानांत आणि विमानतळांवर असा वारा पकडणारी यंत्रणा बसवण्याला जोर आला. कॉकपिटमध्ये "विंडशिअर" असा आवाज आला की पायलटने विचार करत बसायचं नसतं, पूर्ण ताकद लावून वर निघायचं असतं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. मायक्रोबर्स्ट साधारण ५ ते १५ मिनिटांत संपतो. म्हणजे जगातल्या सगळ्यात घातक वाऱ्यावर सगळ्यात स्वस्त औषध आहे थांबणं. वर चकरा मारा, पंधरा-वीस मिनिटांनी परत या.

१३ मे २०२४ आठवतोय ना? आपल्या घाटकोपरकरांना वेगळं सांगायला नको. दुपारी साडेचारच्या सुमाराला धुळीचं वादळ आलं. मुंबई विमानतळाने कामकाज तासाभराहून जास्त वेळ बंद ठेवलं, १५ विमानं दुसऱ्या शहरांत वळवली. त्याच वाऱ्यात छेडानगरच्या पेट्रोल पंपावर ते अवाढव्य होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, होर्डिंग १२० बाय १२० चं. मला ही दोन दृश्यं डोक्यातून जात नाहीत. वारा एकच, दोन जागांमधलं अंतर काही किलोमीटरचं. एका जागी मर्यादा मर्यादा म्हणून पाळली, तिथे लोकांना उशीर झाला, चिडचिड झाली, संपलं. दुसऱ्या जागी मर्यादा कागदावर राहिली. त्या संध्याकाळी विमानतळावर खोळंबलेल्या लोकांनीही एअरलाइनला शिव्या घातल्याच असतील. पण ते शिव्या घालायला जिवंत होते.

आता माझा अनुभव. काही वर्षांपूर्वी जूनच्या शेवटी नागपूरहून मुंबईला येत होतो, संध्याकाळची फ्लाइट. कंपनीचं नाव घेत नाही. ढगातून खाली आलो, खिडकीतून रस्त्यावरचे दिवे दिसायला लागले, चाकं उघडल्याचा आवाज झाला. विमान चांगलंच हलत होतं. आणि एकदम इंजिनांचा आवाज वाढला, पाठ सीटला चिकटली, दिवे खाली गेले. शेजारी नागपूरच्या एक काकू होत्या, मुलीकडे निघालेल्या. म्हणाल्या, "काय झालं जी भाऊ? उतरलं नाही का?" मी म्हटलं, "वारा जास्त असेल काकू, फिरून येईल पुन्हा." त्या म्हणाल्या, "बरं झालं मग. घाई काय आहे जी आपल्याले?"

सगळ्यांचं मत काकूंसारखं नव्हतं. थोडा वेळ घिरट्या घातल्या आणि मग कॅप्टनने सांगितलं की अहमदाबादला जातोय. दोन वाक्यांची घोषणा, पुढे काही नाही. अहमदाबादला विमानातच बसवून ठेवलं. पाण्याची एक छोटी बाटली मिळाली. लहान मुलं रडत होती. तासाभराने एक गृहस्थ उठले आणि हवाई सुंदरीवर ओरडायला लागले. हातात मोबाइल, त्यावर विमानांचा नकाशा. "हे बघा, आमच्या पुढचं विमान उतरलं, मागचं उतरलं. यालाच का जमलं नाही?" ती मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. शांतपणे ऐकून घेत होती. तिच्या हातात तर काहीच नव्हतं. मागून दोघा-तिघांनी गृहस्थांना साथ दिली. कुणीतरी म्हणालं, "आजकाल पोरं-पोरं पायलट आहेत."

ओरडणं बाजूला ठेवू, पण प्रश्न चांगला आहे, त्याला उत्तर द्यायला हवं. पुढचं उतरलं, मागचं उतरलं, मग मधलं का नाही?

कारण वारा रांगेत उभा राहत नाही. दोन विमानांमध्ये दोन-तीन मिनिटांचं अंतर असतं आणि तेवढ्यात झोत येतो आणि जातो. विमानांचं वजन वेगळं, प्रकार वेगळा, मर्यादा वेगळ्या. शिवाय प्रत्येक लँडिंगला एक ठरलेली परीक्षा असते. ढगात-पावसात असाल तर १००० फुटांवर वेग ठरल्याप्रमाणे आहे का, खाली येण्याचा दर बरोबर आहे का, विमान धावपट्टीच्या रेषेत आहे का, चाकं-फ्लॅप तयार आहेत का. यातलं एक जरी बसत नसेल तर वर जायचं. पुढच्याचं बसलं, याचं बसलं नाही. संपला विषय. त्यासाठी इंधनही असतं. दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्यापुरतं आणि त्याशिवाय अर्ध्या तासाचं राखीव, असा नियमच आहे. अहमदाबादला जाणं हे आयत्या वेळचं संकट नसतं, निघायच्या आधीच तो पर्याय कागदावर लिहिलेला असतो.

आता ही परीक्षा नापास होऊनही उतरायचा हट्ट केला तर काय होतं ते बघा.

७ ऑगस्ट २०२०. दुबईहून कोळिकोडला एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान आलं, करोनात अडकलेल्या आपल्या लोकांना घेऊन. आत १९० जण. कॅप्टन होते दीपक साठे, मराठी माणूस, हवाई दलात विंग कमांडर राहिलेले, अनुभवाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. धो धो पाऊस. पहिला प्रयत्न त्यांनी सोडून दिला, तो निर्णय योग्यच होता. त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडलेला. दुसरा प्रयत्न उलट्या दिशेने, १० नंबरच्या धावपट्टीवर, म्हणजे वारा पाठीमागून, सुमारे १४ नॉट. ८८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान ४४३८ फुटांवर टेकलं. अर्धी धावपट्टी मागे गेलेली. पुढे डोंगरमाथ्याची कडा. विमान पलीकडे कोसळलं, तुकडे झाले, दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले.

चौकशी अहवाल पुढच्या वर्षी आला. त्यात स्पष्ट लिहिलंय की सहवैमानिकाने "गो-अराउंड" म्हटलं होतं. ते ऐकलं गेलं नाही, आणि सहवैमानिकानेही विमान स्वतःच्या हातात घेतलं नाही. अहवाल इथेच थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फ्लाइटसाठी कोळिकोडला पोचायची ओढ होती, त्या तळावर पुरेसे कॅप्टनच ठेवलेले नव्हते, हेही त्यात आहे. म्हणजे ऑफिसात बसून केलेलं ड्युटीचं कोष्टक त्या रात्री पावसात कॉकपिटमध्ये येऊन बसलं होतं.

गेलेल्या माणसावर बोट ठेवायला मी हे लिहीत नाहीये. इतका अनुभवी माणूसही "आता पोचलोच आहोत" या ओढीतून सुटत नाही, हे लिहितोय. २०१० ला मंगळूरमध्ये १५८ जण गेले, तेव्हा वाऱ्याचा काही प्रश्न नव्हता, पण तिथेही सहवैमानिकाने परत फिरायला सांगितलं होतं. आणि हे भारतापुरतं नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासात दिसलं की परीक्षेत नापास झालेल्या शंभर लँडिंगपैकी जेमतेम तीनमध्ये पायलट पुन्हा वर जातात. बाकीचे उतरतात. बहुतेक वेळा काही होत नाही, म्हणून सवय लागते.

त्या तीनमधल्या एका विमानात तुम्ही बसलेले असाल, तर तुम्ही ओरडायचं की आभार मानायचे?

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर पोस्ट एकतर्फी होईल. प्रवाशांचा राग खोटा नसतो. विमान वळवणं हा सुरक्षेचा निर्णय झाला. पण वळवल्यावर चार तास माहिती न देणं, पाणी-खाणं न देणं, म्हाताऱ्या माणसाला विचारायलाही कुणी न येणं, हा सुरक्षेचा भाग नाही, ही बेपर्वाई आहे. जानेवारी २०२४ ला गोव्याहून दिल्लीला निघालेलं इंडिगोचं विमान धुक्यामुळे मुंबईला आणलं, आणि प्रवासी विमानांशेजारी खाली बसून जेवले. तो फोटो सगळ्यांनी पाहिला. त्यात कंपनीला १ कोटी २० लाखांचा दंड झाला, मुंबई विमानतळालाही झाला. बरोबर झालं. पण त्याच दिवसांत दिल्लीत उशिराची घोषणा करणाऱ्या पायलटला एका प्रवाशाने धावत येऊन ठोसा मारला. धुकं काय त्या पायलटने आणलं होतं?

माझं म्हणणं इतकंच आहे की राग पत्ता बघून पाठवा. हवेमुळे उशीर झाला, विमान वळलं, लँडिंग सोडलं, यासाठी पायलटला आणि केबिन क्रूला एक शब्द बोलू नका. त्या निर्णयाचा शेवटचा अधिकार कॅप्टनचा आहे आणि तो तसाच राहायला हवा. त्यानंतर जमिनीवर जे हाल झाले त्याबद्दल मात्र गप्प बसू नका. बोर्डिंग पास जपा, वेळा लिहून ठेवा, फोटो काढा, कंपनीकडे लेखी तक्रार करा, नागरी उड्डाण मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर टाका. दहा जणांनी विमानात ओरडण्यापेक्षा दोघांनी लेखी तक्रार केली तर जास्त फरक पडतो.

आणि कंपन्यांना आपण ग्राहक म्हणून, आपल्या खासदारांना मतदार म्हणून विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. लँडिंग सोडणाऱ्या पायलटला नंतर कुणी बोलावून इंधनाचा हिशेब विचारतं का? पावसाळ्यात थकलेल्या क्रूला विश्रांती मिळते का? ऐनवेळी बदली क्रू हजर असतो का? कोळिकोडचा अहवाल वाचल्यावर तरी हे प्रश्न संसदेत दर पावसाळ्याआधी विचारले जायला हवेत. तिकीट स्वस्त का नाही हे आपण रोज विचारतो. हे कधी विचारणार?

या जून-जुलैत तुमच्यापैकी कितीतरी जण उडणार आहेत. पट्टा घट्ट बांधा. घरच्यांना पोचायची वेळ दोन तास वाढवूनच सांगा. पुढची ट्रेन किंवा मीटिंग लगेच ठेवू नका. विमान उतरता उतरता वर गेलं तर शेजारच्या घाबरलेल्या माणसाला सांगा, काही नाही, पायलटला पटलं नाही म्हणून फिरून येतोय. आणि दारात पायलट उभा दिसला तर एक थँक्यू म्हणा. त्याला त्या दिवशी बाकी कुणी म्हणणार नाही.

आपल्या भागात एअरलाइनमध्ये, विमानतळावर, एटीसीत काम करणारे पुष्कळ जण आहेत. त्यांनी कमेंटमध्ये भर घालावी, नाव न देता लिहिलं तरी चालेल. पोस्ट पटली तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका, विशेषतः त्या "लायसन्स कशाला देतात" वाल्यांसाठी.